काढायचा राहून गेलेला ताईत



आज आपण बोलणार आहोत ते प्राचीन रोमन लोकांच्या थडग्यांत सापडणाऱ्या ताइतांविषयी. विषय ऐकून जरा दचकायला होईल. पण ऐकत गेलात तर लक्षात येईल की ही गोष्ट थडग्याइतकीच पाळण्याचीही आहे. कारण हे ताईत विशेषकरून सापडतात ते तान्ह्या बाळांच्या, लहान मुलांच्या आणि लग्नाआधीच गेलेल्या मुलींच्या थडग्यांत.

आणि तिथेच एक साधा प्रश्न उभा राहतो. ताईत बांधायचा तो मूल जगावं म्हणून. मूल गेलं, म्हणजे ताइताचा उपयोग झाला नाही. मग तोच ताईत घरची माणसं मुलाबरोबर मातीत का ठेवत असतील? चिडून फेकून का देत नसतील? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आपल्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या काही आया भेटतात. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या हातांनी ठेवलेल्या वस्तू आजही संग्रहालयांत आहेत.

आधी त्या काळातलं घर कसं होतं ते पाहू. रोमन साम्राज्य ब्रिटनपासून इजिप्त-सीरियापर्यंत पसरलेलं होतं. दगडी रस्ते, लांबून पाणी आणणारे कालवे, सार्वजनिक स्नानगृहं, सगळं होतं. पण मूल जगवणं मात्र फार अवघड होतं. अभ्यासकांचा अंदाज असा की जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी दहा वर्षांची व्हायच्या आत जात. श्रीमंतीनेही यात फारसा फरक पडत नसे. ग्रॅकस बंधूंची आई कॉर्नेलिया ही रोममधली फार मोठ्या घरातली बाई. तिला 12 मुलं झाली, त्यातली तीनच मोठी झाली.

बाळ जन्मल्यावर पहिला आठवडा धोक्याचा. तो पार पडला की मुलीचं नाव आठव्या दिवशी आणि मुलाचं नवव्या दिवशी ठेवत. आणि मग बाळाच्या गळ्यात, हातात रक्षणाच्या वस्तू येत. मुलग्याच्या गळ्यात ‘बुल्ला’ असे. बुल्ला म्हणजे दोन फुगीर वाटोळ्या चकत्या कडेला जोडून केलेली पोकळ डबी. दृष्ट, मत्सर यांच्यावर गुणकारी समजलेला एखादा तोडगा तिच्या आत घालत. श्रीमंताघरी बुल्ला सोन्याचा असे, गरिबाघरी चामड्याचा. तो घालण्याचा मान स्वतंत्र घरातल्या मुलांनाच होता, गुलामांच्या मुलांना नव्हता. मुलींसाठी चंद्रकोरीच्या आकाराचं पदक असे. त्याला ‘लुनुला’ म्हणत, म्हणजे छोटासा चंद्र.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण शेवटी आपण तिच्याकडेच येणार आहोत. बुल्ला आयुष्यभर घालायचा नसे. मुलगा साधारण 14 ते 17 वर्षांचा झाला की घरात एक समारंभ होई. मुलगा गळ्यातला बुल्ला काढून घरच्या देवांपुढे ठेवी, मोठ्या माणसाचं पांढरं वस्त्र अंगावर घेई आणि बाहेर पडे. मुलीचं बालपण लग्नाच्या वेळी संपे. तेव्हा ती आपल्या बाहुल्या देवीपुढे ठेवी. म्हणजे मुलगा बुल्ला काढण्याइतका मोठा झाला, मुलगी बाहुल्या ठेवण्याइतकी मोठी झाली, की आईने सुटकेचा श्वास सोडायचा.

बुल्ला आणि लुनुला सोडून आणखी किती तरी वस्तू होत्या. त्यांची मोठी यादी प्लिनी या लेखकाने दिली आहे. हा प्लिनी इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याआधी त्याने निसर्गाविषयी एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की लांडग्याचा दात बांधला तर बाळ दचकत नाही आणि दात येतानाचा त्रास कमी होतो. अंबराचा मणी बाळाच्या अंगावर असावा. अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गोठून दगडासारखा झालेला झाडाचा चीक. पोवळ्याची फांदी बाळाच्या गळ्यात घातली तर संकट टळतं. पुरुषाच्या लिंगाच्या आकाराचे छोटे ताईतही लहान मुलांच्या अंगावर असत. त्यात रोमन लोकांना अश्लील काही वाटत नसे. वाईट नजर आधी त्या विचित्र वस्तूवर पडावी आणि तिथेच अडकावी, बाळापर्यंत पोचू नये, असा त्यामागचा हिशेब होता. शिवाय छोट्या कांस्याच्या घंटा असत, कारण धातूच्या आवाजाने वाईट शक्ती पळते अशी समजूत होती.

पोवळ्याचा विषय निघालाच आहे, तर त्यात आपल्या बाजूचाही एक धागा आहे. पोवळं भूमध्य समुद्रात सापडे आणि मोती आपल्याकडून रोमला जात. प्लिनी लिहितो की रोमच्या बायकांना भारतातल्या मोत्यांचं जेवढं वेड, तेवढंच भारतातल्या पुरुषांना पोवळ्याचं. भारतातले जाणते लोकही पोवळं संकटनिवारक मानतात, असंही तो नोंदवतो. इतकं पोवळं पूर्वेकडे जाई की जिथे ते निघे तिथेच दुर्मीळ झालं, अशी त्याची तक्रार आहे. त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासपुस्तकात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये पोवळ्याचं नाव आहे. आणि पैठण व तेर या गावांतून भडोचला माल जाई, हेही त्याच पुस्तकात आहे. म्हणजे एकाच समुद्रातलं पोवळं रोमच्या बाळाच्या गळ्यात होतं आणि जहाजाने आपल्या बाजूलाही येत होतं.

हे सगळं बांधायचं कोण? बाळाची आई, आजी, मावशी, दाई. हे आपल्याला कळतं ते त्यांच्यावर टीका करणाऱ्या पुरुषांकडून. पर्सियस नावाचा एक तरुण कवी पहिल्या शतकात होऊन गेला. तो थट्टेने वर्णन करतो की आजी किंवा मावशी बाळाला पाळण्यातून उचलते आणि मधल्या बोटाला थुंकी लावून बाळाच्या कपाळावर, ओठांवर फिरवते, कशासाठी तर दृष्ट लागू नये म्हणून. चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिऑक शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, जॉन क्रिसोस्टम हा ख्रिस्ती धर्मगुरू प्रवचनं देत असे. तोही बायकांवर चिडलेला. दाया आणि दासी स्नानगृहातला चिखल बोटावर घेतात आणि बाळाच्या कपाळाला त्याची खूण लावतात, मुलांच्या हाताला घंटा आणि लाल दोरा बांधतात, असं तो रागाने सांगतो. मैत्रिणींनो, तीट लावणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या बायकांची ओळख वेगळी करून द्यायला नको.

याच धर्मगुरूने दुसऱ्या एका प्रवचनात फार विलक्षण गोष्ट म्हटली आहे. मूल आजारी असताना ज्या आईने ताईत बांधला नाही, तिला हौतात्म्याचं पुण्य लाभतं, असं तो म्हणतो. धर्मासाठी प्राण देणाऱ्यांच्या रांगेत त्याने त्या आईला बसवलं. यावरून कळतं की तापाने फणफणलेल्या लेकराजवळ बसून ताईत न बांधणं किती कठीण होतं. त्यालाही ते पुरतं ठाऊक होतं.

आता थडग्यांकडे वळू. रोमन पुरुषांनी लिहिलेली पुस्तकं वाचली तर वाटतं, लहान मुलाच्या मरणाचं त्यांना काही वाटतच नसावं. सिसेरो लिहितो की लहान मूल गेलं तर ते शांतपणे सोसावं अशी लोकांची समजूत आहे, आणि पाळण्यातलं बाळ गेलं तर तक्रारसुद्धा करू नये. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी सुतक पाळायचं नाही, असा नियम नुमा या जुन्या राजाने घातला होता, असं प्लुटार्क सांगतो. दात न आलेल्या बाळाला दहन करायचं नाही, अशी रीत प्लिनीने नोंदवली आहे. अशा बाळाला पुरत. चाळीस दिवसांच्या आतल्या बाळांना घराच्या वळचणीखाली पुरत, असंही एका उत्तरकाळातल्या लेखकाने लिहून ठेवलं आहे. गावाची स्मशानभूमी वेशीबाहेर, पण एवढंसं बाळ मात्र घराला लागून.

पुस्तक म्हणतं, शोक करू नका. मातीतून मात्र वेगळंच काही वर येतं.

1964 साली रोम शहराच्या उत्तरेला ग्रोत्तारोस्सा इथे बांधकाम चालू असताना एक संगमरवरी शवपेटी सापडली. आत दुसऱ्या शतकातली, साधारण आठ वर्षांची मुलगी होती. तिचा देह मसाले लावून जपलेला होता, आणि इटलीत असं क्वचितच आढळतं. अंगावर रेशमाचं वस्त्र, गळ्यात सोन्याची नीलम जडवलेली माळ, जवळ हस्तिदंताची बाहुली आणि अंबराच्या चिमुकल्या वस्तू. ती बाहुली लग्नाच्या वेळी देवीपुढे जायची होती. ती वेळ आली नाही, तेव्हा बाहुली मुलीबरोबरच गेली.

तिथून दूर ब्रिटनमध्ये, कोल्चेस्टर, यॉर्क आणि मॉल्टन इथल्या बाळांच्या थडग्यांत काळी कुळकुळीत, बोटाच्या पेराएवढी अस्वलं सापडली आहेत. ती जेट नावाच्या पदार्थाची आहेत. जेट कोळशाच्या जातीचा असतो, वजनाला हलका. घासला की कागदाचे कपटे ओढून घेतो, म्हणून त्यात जादू आहे असं वाटे. पण अस्वलच का? त्या काळी अशी समजूत होती की अस्वलीण पिल्लाला जन्म देते तेव्हा तो नुसता आकार नसलेला मांसाचा गोळा असतो, आणि ती त्याला चाटून चाटून पिल्लाचा आकार देते. प्लिनीनेही हे लिहिलं आहे. जे बाळ अजून पुरतं घडलंही नव्हतं, त्याच्याबरोबर आईने एक अस्वलीण पाठवली. आपण तिथे येऊ शकत नाही, तर ही तरी त्याला सांभाळेल. या वस्तूंचा अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं साधारण असंच आहे. कोल्चेस्टरच्या मुलांच्या थडग्यांत अशा वस्तूंबरोबर घंटा आणि भोक पाडलेली नाणीही होती.

ऑस्ट्रियातल्या हाल्बटर्न गावाजवळ तिसऱ्या शतकातल्या एका बाळाचं थडगं सापडलं. वय दोन वर्षांच्या आतबाहेर. बाळाजवळ ताइताची चांदीची नळी होती आणि नळीत सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळून ठेवलेला होता. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा. त्यावर ग्रीक अक्षरांत यहुदी लोकांची, देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना कोरलेली होती. शब्द हिब्रू, लिपी ग्रीक, राज्य रोमन, आणि जागा यहुदी वस्तीच्या मुख्य शहरांपासून किती तरी दूर. रक्षणाचा शब्द जिथून मिळेल तिथून आणलेला. आई-बाप कोणत्या धर्माचे होते हे त्या पत्र्यावर लिहिलेलं नाही. बाळाला जपायचं होतं एवढंच त्यावरून कळतं.

पण सगळी थडगी इतकी मायेने भरलेली नाहीत. माया आणि भीती या दोन्ही एकाच थडग्यात कशा असतात, हे लुन्यानो इन तेवेरिना इथे दिसतं. रोमच्या उत्तरेला डोंगरातलं हे गाव. तिथे पाचव्या शतकाच्या मध्यावर एका पडक्या वाड्यात मुलांची दफनभूमी केलेली होती. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या डेव्हिड सोरेन यांनी इथे उत्खनन केलं. पहिल्या उत्खननात 47 बाळं सापडली. बरीचशी दिवस भरण्याआधीच जन्मलेली किंवा नुकती जन्मलेली. आधी एकेक पुरलेलं, नंतर एकाच वेळी अनेक. सगळं थोड्या दिवसांत घडलेलं. त्यांच्याबरोबर डोमकावळ्याची नखी, बेडकाची हाडं, राख भरलेली कांस्याची भांडी आणि कुत्र्याच्या डझनभर पिल्लांचे सांगाडे होते. कुत्र्याचं पिल्लू माणसाचा रोग आपल्या अंगात ओढून घेतं, ही जुनी समजूत. तोवर साम्राज्य ख्रिस्ती झालेलं होतं, पण संकट दारात आलं तेव्हा लोक जुन्या तोडग्यांकडेच वळले.

एका साधारण तीन वर्षांच्या मुलीच्या हातापायांवर दगड ठेवलेले होते. 2018 मध्ये तिथेच सापडलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दगड होता. अकाली गेलेल्याचा जीव शांत होत नाही, तो परत येतो आणि मागे राहिलेल्यांनाही घेऊन जातो, ही भीती त्या काळी सर्वत्र होती. एक पोर तर गेलं, आता घरात उरलेल्या दुसऱ्याला वाचवायचं होतं. दगड ठेवणारे हात निर्दय होते असं मी म्हणणार नाही. ते घाबरलेले होते.

त्या मुलांना काय झालं होतं? 2001 मध्ये तिथल्या एका मुलाच्या हाडात मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीचा अंश सापडला. गर्भारपणी मलेरिया झाला तर गर्भपात होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. एवढी अपुऱ्या दिवसांची बाळं तिथे का होती, हे त्यावरून समजतं. रोमन लोकांचा या तापाशी जुना परिचय होता. तापाची देवी होती, फेब्रिस तिचं नाव. आजाऱ्याने अंगावर बांधलेले तोडगे तिच्या देवळात नेऊन वाहत. एक दिवसाआड उलटणाऱ्या तापावर सेरेनस नावाच्या लेखकाने एक ताईत सांगितला आहे. ‘अब्राकडब्रा’ हा शब्द लिहायचा, खालच्या ओळीत एक अक्षर कमी, त्याखाली आणखी एक कमी, शेवटी एकच अक्षर उरेपर्यंत. मग तो लिननच्या धाग्याने गळ्यात बांधायचा. शब्द जसा उतरत जातो तसा ताप उतरत जाईल. जादूगाराच्या तोंडी आज जो शब्द आपण गमतीने ऐकतो, तो मुळात अंथरुणावर कण्हणाऱ्या माणसाच्या गळ्यात होता.

हा ताप डासातून येतो, हे ना त्या आईला माहीत होतं, ना तिच्या गावच्या वैद्याला, ना रोमच्या सम्राटाला. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना दिसला तो 1897 मध्ये, आपल्या सिकंदराबादेत. लुन्यानोतली ती बाळं मातीत गेल्याला तेव्हा चौदाशेहून अधिक वर्षं झाली होती. म्हणून ताईत बांधणाऱ्या त्या बायकांना अडाणी म्हणून हसणं मला बरोबर वाटत नाही. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे आहे. आपल्याकडे लस आहे, मच्छरदाणी आहे, रक्ताची तपासणी आहे, औषध आहे. बाळाला तीट लावावी की नाही, दोरा बांधावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ताप आला तर दोऱ्यावर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. त्या आयांना जर हा रस्ता दिसला असता, तर त्या अनवाणी धावल्या असत्या.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. निरुपयोगी ठरलेला ताईत मुलाबरोबर का ठेवायचा?

एक कारण असं की आईच्या दृष्टीने काम संपलेलं नव्हतं. मूल अंधारात, अनोळखी वाटेने एकटं निघालेलं. घरात असताना ज्याला दृष्टीची, वाऱ्याची भीती, त्याला तिथे भीती नसेल का? उलट तिथेच रक्षणाची जास्त गरज. दुसरं कारण मागे राहिलेल्यांसाठीचं. तो जीव शांत राहावा, परत येऊ नये.

आणि तिसरं कारण मला त्या बुल्लाच्या रीतीत दिसतं. ताईत कायमचा नसतोच. तो काढायचा असतो. एक दिवस मूल मोठं होईल, स्वतःच्या हाताने तो काढून देवापुढे ठेवेल, आणि मग आईची काळजी हलकी होईल, या आशेवरच तो बांधलेला असतो. ज्याचा तो दिवस आलाच नाही, त्याचा ताईत दुसऱ्या कुणी कसा काढायचा? आईच्या हातांना ते जमलं नसेल. थडग्यात सापडणारा बाळाचा ताईत म्हणजे काढायचा राहून गेलेला ताईत.

तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी शोक करू नये, असा नियम लिहून ठेवणारा प्लुटार्क स्वतः दूर गावी असताना त्याची दोन वर्षांची मुलगी तिमोक्सेना वारली. चार मुलग्यांनंतर झालेली ती एकुलती एक लेक. तेव्हा त्याने बायकोला पत्र लिहिलं. धीर धर, दुःखाचा आकांत नको, असा उपदेश त्यात आहेच. पण मध्येच तो थांबतो आणि लेकीची आठवण काढतो. ती दाईला सांगे की दुसऱ्या बाळांनाही पाज, आणि तिच्या आवडत्या खेळण्यांनाही पाज. शोक करू नये म्हणणाऱ्या बापालाही हे विसरता आलं नव्हतं.

पत्र लिहिणारे बाप थोडे होते. लिहिता न येणाऱ्या आया असंख्य होत्या. त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी बाळाच्या जवळ एक काळं अस्वल ठेवलं, एक घंटा ठेवली, अंबराचा एक मणी ठेवला, आणि वरून माती लोटली. त्या काळच्या बायकांनी मागे ठेवलेलं एवढंच पत्र आपल्याला मिळालं आहे.